अर्धं पाऊल मागे

आमच्या गिरगावातल्या खोलीत देवघराच्या वरच्या फळीवर एक लहानशी चौकट होती. चौकटीत देव नव्हता, साप्ताहिकातून कापलेला एक फोटो होता. १९६१ च्या फेब्रुवारीत इंग्लंडची राणी मुंबईत आली तेव्हा आजी तिला बघायला म्हणून रस्त्याच्या कडेला दोन तास उभी राहिली होती. पुढच्या माणसांच्या डोक्यांमधून तिला पांढरा हातमोजा घातलेला एक हात दिसला आणि गाडी निघून गेली. त्याची भरपाई म्हणून हे कात्रण. फोटो दिल्लीतला. राणी एलिझाबेथ समोर बघून हसते आहे आणि तिच्या उजव्या खांद्याच्या जरा मागे पंडित नेहरू, नजर खाली, बहुधा पायरीकडे. डाव्या कडेला एक काळी बाही आहे. कोपरापासून मनगटापर्यंत नुसती बाही, माणूस नाही.

लहानपणी मला राणीपेक्षा त्या बाहीचंच कुतूहल होतं. आजीला विचारलं की ती म्हणायची, "असेल कोणीतरी. तुला काय करायचंय?"

गेली काही वर्षं मी अशा शासकीय भेटींचे जुने फोटो बघत आले आहे. ब्रिटिश पाथेनं आपला चित्रफितींचा सगळा साठा २०१४ साली इंटरनेटवर खुला केला तेव्हापासून हे व्यसन वाढलं. आपल्या सरकारच्या छायाचित्र विभागाचे, वृत्तसंस्थांचे, संग्रहालयांचे साठेही हळूहळू उघडत गेले. एक आधीच कबूल करायला हवं की हे फोटो बहुतांशी कंटाळवाणे असतात, आणि ते तसेच असावेत अशी व्यवस्था केलेली असते. हस्तांदोलन, पुष्पगुच्छ, सलामी, जेवणाचं टेबल. कोण कुठे उभं राहणार हे शिष्टाचार विभागानं आठवडाभर आधी कागदावर काढलेलं असतं आणि छायाचित्रकाराला दोरीमागची जागा नेमून दिलेली असते. तरीही मी ते बघते, कारण त्या कागदावर काढलेल्या अंतरांमध्येच राज्यघटना दिसते. ती दुसरीकडे कुठे डोळ्यांना दिसत नाही.

या साठ्यांमध्ये १९६१ च्या दिल्लीतल्या फोटोंखाली बहुधा एकाच धाटणीची ओळ असते: राणी एलिझाबेथ, पंतप्रधान नेहरूंसोबत. शोधणारेही याच दोन नावांनी शोधतात. ही ओळ खोटी नाही, पण ती फोटोत जे आहे त्याच्या उलट सांगते. त्या भेटीत राणी नेहरूंसोबत नव्हती. ती राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांसोबत होती आणि नेहरू अर्धं पाऊल मागे होते.

हा फरक किती मोठा आहे ते कळायला आधी नऊ महिने मागचा एक फोटो बघावा लागतो. मे १९६०, विंडसर किल्ला, राष्ट्रकुलाच्या पंतप्रधानांची परिषद. पुढच्या ओळीत मध्यभागी राणी. तिच्या एका बाजूला नेहरू, दुसऱ्या बाजूला कॅनडाचे डीफेनबेकर. त्याच ओळीत ऑस्ट्रेलियाचे मेन्झीज, न्यूझीलंडचे नॅश, सिलोनचे कूरे आणि टोकाला दक्षिण आफ्रिकेचे परराष्ट्रमंत्री एरिक लाउ. मागच्या ओळीत मलायाचे टुंकू अब्दुल रहमान, ऱ्होडेशियाचे वेलेन्स्की, पाकिस्तानचे अयूब खान, घानाचे एन्क्रुमा आणि ज्यांच्या देशात हा फोटो निघाला ते मॅकमिलन. शार्पव्हिलमध्ये पोलिसांनी ६९ माणसं मारली त्याला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. लाउ पुढे, एन्क्रुमा मागे. हे ज्येष्ठतेच्या यादीनं झालं असेल तरी आज तो फोटो बघताना डोळा तिथेच अडकतो. पण आपल्या मुद्द्याची गोष्ट एवढीच की विंडसरमध्ये नेहरू राणीच्या थेट शेजारी आहेत, मध्ये कोणी नाही. तिथे त्यांचा राष्ट्रपती उपस्थित असण्याचा प्रश्नच नव्हता. एप्रिल १९४९ च्या लंडन जाहीरनाम्यानं भारताला प्रजासत्ताक होऊनही राष्ट्रकुलात राहण्याची सोय करून दिली होती आणि ब्रिटनच्या राजाला राष्ट्रकुलाचा प्रमुख, एक प्रतीक, एवढंच मानलं होतं. त्या प्रतीकाभोवती पंतप्रधान गोळा होतात. त्या फोटोत नेहरू यजमान नाहीत आणि पाहुणेही नाहीत, सभासद आहेत.

दिल्लीत, २१ जानेवारी १९६१ ला पालम विमानतळावर राणी उतरली तेव्हा गणित बदललेलं होतं. आता ती एका देशाची प्रमुख म्हणून दुसऱ्या देशाच्या प्रमुखाकडे आली होती. म्हणून पुढे राजेंद्रप्रसाद. शहरात जाताना उघड्या गाडीत तिच्या शेजारी राजेंद्रप्रसाद. ती उतरली राष्ट्रपती भवनात, म्हणजे तिच्या आजोबांनी, पंचम जॉर्जनी, १९११ च्या दरबारात राजधानी दिल्लीला नेण्याची घोषणा केली त्यातून जी इमारत उभी राहिली तिच्यात. बांधली व्हाइसरॉयसाठी, राहतोय जिरादेईचा एक वकील. त्या गाडीतल्या फोटोंत राजेंद्रबाबू बंद गळ्याच्या काळ्या कोटात आणि पांढऱ्या टोपीत, मिशा जशा असायच्या तशा, जरासे अवघडून बसलेले दिसतात. मला हे फोटो फार आवडतात. जगातल्या सर्वांत सरावलेल्या प्रतीकाच्या शेजारी एक नवं, अजून न सरावलेलं प्रतीक बसलं आहे.

आणि ते न सरावलेलं होतं म्हणतानाच एक तारीख सांगायला हवी. २८ नोव्हेंबर १९६०. त्या दिवशी दिल्लीत भारतीय विधी संस्थेच्या इमारतीची पायाभरणी करताना राजेंद्रप्रसादांनी भर सभेत, पंतप्रधानांच्या देखत, एक प्रश्न काढला. भारताच्या राष्ट्रपतीचे अधिकार ब्रिटनच्या राजा-राणीसारखेच आहेत असं जे आपण धरून चालतो ते घटनेत नेमकं कुठे लिहिलं आहे? कायद्याच्या अभ्यासकांनी हे तपासावं. सौम्य शब्दांत काढलेला पण अतिशय गंभीर प्रश्न होता. हिंदू कोड बिलावरून, सोमनाथच्या सोहळ्याला जाण्यावरून त्यांचं नेहरूंशी वाजलेलं होतंच. दहा वर्षं सही करणाऱ्या माणसानं विचारलं होतं की मी सहीच करायची का? नेहरूंना ते रुचलं नाही. घटनेनं तेव्हा याचं उत्तर थेट शब्दांत दिलेलं नव्हतं. मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानुसारच राष्ट्रपती वागेल हे नि:संदिग्ध शब्द १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं आले.

आणि त्या प्रश्नानंतर आठ आठवड्यांत, ज्या व्यक्तीशी आपली तुलना होते ती व्यक्तीच त्यांच्या शेजारी उघड्या गाडीत येऊन बसली.

योगायोग म्हणा. भेट कधीची ठरलेली होती. पण फोटो बघणाऱ्याला योगायोग वर्ज्य नसतो. त्या दहा दिवसांत राणी आणि राजेंद्रप्रसाद यांचे जे फोटो निघाले ते मी आता त्या प्रश्नाचं दृश्य रूप म्हणून बघते. मध्यभागी दोन माणसं, दोघांच्याही हातात थेट सत्ता नाही. कडेला, अर्धं पाऊल मागे, एक माणूस, ज्याच्या हातात ती आहे. सत्ता मागे उभी आहे आणि मान पुढे आहे. बऱ्याच फोटोंत नेहरूंची नजर कॅमेऱ्याकडे नाहीच, आजीच्या कात्रणात आहे तशी कुठेतरी तिसरीकडे. ज्या माणसाला कॅमेरा कुठे आहे हे कायम ठाऊक असायचं तो इथे कॅमेऱ्याला विसरल्यासारखा वागतो. काहीजण याला कंटाळा म्हणतील. मला ती शिस्त वाटते, आणि शिस्तीत थोडा कंटाळा असतोच.

नेहरूंना कॅमेरा ठाऊक असायचा, हे ज्यांच्यामुळे आपल्याला दिसतं त्या होमाई व्यारावाला. १९४२ पासून त्या दिल्लीत होत्या, ब्रिटिश माहिती खात्यात नोकरीला. साडी नेसून, अवजड कॅमेरा आणि फ्लॅश खांद्याला लावून, पुरुषांच्या गर्दीत. गाडीचा नंबर डीएलडी १३ म्हणून 'डालडा १३' हे टोपणनाव. राणीची १९६१ ची भेट त्यांनीही टिपली. २०११ साली मुंबईत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या छायाचित्रांचं मोठं प्रदर्शन झालं तेव्हा मी दोनदा जाऊन आले. तिथे मला जे उमगलं ते असं, की शिष्टाचाराच्या भेटींत त्यांचे उत्तम फोटो सोहळा सुरू होण्याच्या आधीचे किंवा संपल्यानंतरचे असतात. पालम विमानतळावरचाच त्यांचा एक प्रसिद्ध फोटो घ्या. 'छायाचित्रं काढण्यास सक्त मनाई' अशी इंग्रजी पाटी आणि तिच्या जवळ नेहरू, बहिणीच्या, विजयालक्ष्मी पंडितांच्या विमानाची वाट बघत. थोड्याच वेळानं ते बहिणीला मिठी मारतात तोही फोटो आहे. इथे कोणी कागदावर जागा आखून दिलेली नाही. हा माणूस आणि १९६१ च्या फोटोंतला, हात मागे बांधून दुसऱ्या रांगेत थांबलेला माणूस एकच आहे यावर विश्वास बसायला वेळ लागतो. १९७० साली होमाईंनी कॅमेरा कायमचा ठेवून दिला. त्यांच्या फोटोंतली दिल्लीही तोवर संपली होती, असं मला वाटतं.

त्या प्रदर्शनातून बाहेर पडलं की गेटवे ऑफ इंडिया पाच मिनिटांवर. तिथवर चालत गेले तेव्हा एक तारीख आठवली आणि मी थांबले. गेटवेसमोरच्या बागेतल्या शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण झालं ते २६ जानेवारी १९६१ ला. महाराष्ट्र राज्याचा पहिला प्रजासत्ताक दिन. ज्या कमानीवर पंचम जॉर्ज २ डिसेंबर १९११ ला इथे उतरल्याचं कोरलेलं आहे, तिच्यासमोर आधी त्याचाच पुतळा होता. तो गेला आणि महाराज आले. त्याच दिवशी दिल्लीत त्याची नात राजपथावर प्रमुख पाहुणी म्हणून संचलन बघत होती. सलामी घेत होते राजेंद्रप्रसाद. आणि राजपथाच्या दुसऱ्या टोकाला, इंडिया गेटमागच्या छत्रीखाली, तिचे आजोबा संगमरवरात अजून उभे होते. दिल्लीतला तो पुतळा १९६८ साली हलला.

म्हणजे एकाच दिवशी मुंबईनं आजोबांच्या जागी महाराजांना उभं केलं आणि दिल्लीनं नातीला आजोबांच्या नजरेसमोर बसवलं. यातलं बरोबर काय असं विचारलं तर माझा कल आपसूक मुंबईकडे जातो, आमचं रक्तच तसं. पण दिल्लीतल्या संचलनाचे फोटो पुन्हा बघताना मला तिथला निवांतपणा जास्त जाणवतो. पुतळा हलवायची घाई नाही, कारण त्याची भीती नाही. १९११ साली याच शहरात पंचम जॉर्ज उंच मंडपात बसला होता आणि संस्थानिक एकेक करून खालून पुढे येत होते. १९६१ च्या फोटोत राणी आणि राष्ट्रपती एकाच पातळीवर बसलेले आहेत. पन्नास वर्षांत एवढा बदल झाला, आणि तो खुर्चीच्या पायांच्या उंचीत मोजता येतो.

१९११ चं नाव निघालंच आहे तर सयाजीरावांना टाळून चालणार नाही. कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा, बडोद्याचा महाराजा. दिल्ली दरबारात त्यांनी रत्नालंकारांचा पूर्ण साज घातला नाही, हातात काठी घेऊन आले, एकदा लवले आणि पाठ फिरवून चालू लागले. नियम होता तीनदा मुजरा करून उलट्या पावलांनी मागे सरण्याचा. गदारोळ झाला. सयाजीरावांनी आपण गोंधळून गेलो असं पत्र दिलं आणि ते लंडनच्या वर्तमानपत्रात छापूनही आलं. या प्रसंगाची चित्रफीत आहे. ती मी किती वेळा पाहिली असेल सांगता येत नाही. तिच्यावरून तो अपमान होता की गोंधळ, हे ठरत नाही. मराठी माणसाला तो अपमान असावा असं मनापासून वाटतं, मलाही वाटतं, आणि म्हणूनच मी स्वतःच्या वाटण्यावर विश्वास ठेवत नाही. कॅमेरा पाठ फिरलेली दाखवतो, ती का फिरली ते दाखवत नाही. नेहरूंच्या खाली गेलेल्या नजरेला मी वर शिस्त म्हटलं, तेही एवढ्याच सावधपणे घ्यावं. अंतर मात्र वेगळी गोष्ट आहे. अंतर मनात नसतं, जमिनीवर असतं. ते मोजता येतं.

१९६१ च्याच दौऱ्यात दिल्लीबाहेर गेलं की हे अंतर विरघळतं. जयपूरचे फोटो बघा. हत्तीवरची अंबारी, सिटी पॅलेस, महाराजा सवाई मानसिंह, गायत्रीदेवी. संस्थानं विलीन होऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण या फोटोंना त्याचा पत्ता नाही. ब्रिटिश वृत्तपटांना हाच भाग सगळ्यांत प्रिय, कारण त्यांना हवा तो हिंदुस्थान इथे शिल्लक होता. आणि इथेच तो फोटो निघाला ज्यानं ब्रिटनमध्ये गहजब झाला: रणथंभोरच्या जंगलात प्रिन्स फिलिपनं मारलेला वाघ आडवा पसरलेला आणि त्याच्या मागे यजमान-पाहुण्यांची रांग. त्याच वर्षी फिलिप ब्रिटनच्या जागतिक वन्यजीव निधीचा पहिला अध्यक्ष झाला. या फोटोत राष्ट्रपती नाही, पंतप्रधान नाही, घटना नाही. यजमान, पाहुणे, शिकार. रचना म्हणून बघितलं तर दिल्लीच्या कुठल्याही फोटोपेक्षा हा जास्त बांधेसूद आहे, आणि तो बघताना मला दिल्लीच्या विस्कळीत रांगांबद्दल माया वाटू लागते.

नंतरच्या दोन भेटींवर मी फार वेळ घालवत नाही, पण त्या अगदीच सोडताही येत नाहीत. नोव्हेंबर १९८३ मध्ये राणी आली तेव्हा राष्ट्रपती झैलसिंग होते, पंतप्रधान इंदिरा गांधी. शिष्टाचार तोच, तरी रंगीत फोटोंत डोळा थेट दोन बायकांवर जातो. अर्धं पाऊल कागदावर राहिलं होतं, दिसेनासं झालं होतं. मात्र त्या भेटीतला एक फोटो मोठा बोलका आहे. राणी मदर तेरेसांना 'ऑर्डर ऑफ मेरिट' हा मान देते आहे तो. फोटो हिरवळीवरचा आहे, आणि ती हिरवळ हाच त्यातला राजकीय निर्णय. भारताच्या राष्ट्रपतीच्या घरात परक्या राणीनं रीतसर मानवस्त्रांचा दरबार भरवावा का, असा प्रश्न निघाला, इंदिरा गांधींच्या सरकारनं हरकत घेतली आणि मग राष्ट्रपती भवनाच्या बागेत, समारंभाचा थाट न करता, तो मान नुसता हाती देण्यात आला. फोटोखालची ओळ यातलं काही सांगत नाही. तिला फक्त दोन प्रसिद्ध स्त्रिया आणि फुलझाडं दिसतात. १९९७ च्या ऑक्टोबरात ती जालियनवाला बागेत गेली. तिथे जाऊ नये असं पंतप्रधान गुजराल यांनी आधी सुचवलं होतं, ती गेली, मान झुकवून उभी राहिली, माफी मागितली नाही. १९६१ साली राजघाटावर तिनं बूट काढून मखमली सपाता घातल्या होत्या, अमृतसरलाही पादत्राणं काढली. आपल्याकडे पाहुण्याच्या पायांकडे आधी बघतात, हे बहुधा तिच्या माणसांनी तिला नीट सांगितलं असावं.

आता १९६१ कडे परत येते, कारण त्या दौऱ्याचा एक मुक्काम मी मुद्दाम शेवटाला ठेवला. भारतातून राणी फेब्रुवारीच्या अखेरीस काठमांडूला गेली. तिथले फोटोही मुबलक आहेत. राजा महेंद्र, राणी रत्ना, एलिझाबेथ, फिलिप. तराईतल्या शिकारीसाठी जमवलेले शेकडो हत्ती. फिलिपच्या बोटाला पट्टी बांधलेली दिसते. रणथंभोरच्या वाघानंतर पुन्हा बंदूक उचलणं परवडणारं नव्हतं, आणि चाप ओढायच्या बोटालाच नखुरडं झालं ही मोठी सोय झाली. शिकार सोबत आलेल्या परराष्ट्रमंत्री लॉर्ड होम यांच्याकडे गेली. इंग्रजी लेखक या पट्टीवर फार खूश असतात आणि दौऱ्याचा हा भाग विनोदी म्हणून सांगतात.

मी या फोटोंत पंतप्रधान शोधते. मधोमध राजा आहे, शेजारी पाहुणी राणी आहे, आणि मागे अर्ध्या पावलावर कोणीच नाही.

नेपाळचे पहिले लोकनियुक्त पंतप्रधान विश्वेश्वरप्रसाद कोइराला तेव्हा कैदेत होते. १९५९ च्या निवडणुकीत त्यांच्या नेपाळी काँग्रेसनं १०९ पैकी ७४ जागा जिंकल्या होत्या. १५ डिसेंबर १९६० ला महेंद्रांनी त्यांचं सरकार बरखास्त केलं, त्यांना आणि सहकाऱ्यांना अटक केली, संसद गुंडाळली आणि मंत्रिमंडळाचं प्रमुखपद स्वतःकडे घेतलं. राजेंद्रप्रसादांच्या त्या प्रश्नाला तेव्हा अडीच आठवडे झाले होते. राष्ट्रप्रमुखानं मंत्रिमंडळाचं ऐकलंच पाहिजे असं कुठे लिहिलंय, असा प्रश्न दिल्लीत एका वृद्ध वकिलानं व्याख्यानात विचारला. शेजारच्या राजधानीत एका राजानं तो सैन्य घेऊन सोडवला. राजा आणि शासनप्रमुख या दोन माणसांचं एकच माणूस झालं. म्हणून काठमांडूच्या फोटोंत ती जागा रिकामी आहे. रिकामी म्हणणंही बरोबर नाही, कारण ती बुजवलेली आहे. रांगेत फट दिसत नाही. विश्वेश्वरप्रसाद १९४२ च्या चळवळीत आपल्याकडच्या तुरुंगात होते. आता आपल्या देशातल्या तुरुंगात ते सुमारे आठ वर्षं राहिले. नेहरूंनी संसदेत या घटनेला लोकशाहीला बसलेला धक्का म्हटलं आणि महिनाभरानं पालमवर आपल्या ठरलेल्या जागी, राष्ट्रपतींच्या मागे जाऊन उभे राहिले.

राजेंद्रप्रसादांनी प्रश्न विचारला आणि तो तिथेच ठेवला. उत्तर स्वतःच्या हातानं लिहायला गेले नाहीत. मे १९६२ मध्ये मुदत संपली तेव्हा ते पाटण्याला सदाकत आश्रमात निघून गेले आणि नऊ महिन्यांनी वारले. त्यांच्या त्या उघड्या गाडीतल्या फोटोंना आज कोणी फारसं शोधत नाही. शोधलं तर राणी सापडते.

आजीची खोली रिकामी केली तेव्हा ते कात्रण मी घेऊन आले. पालमवरचे फोटो एकापाठोपाठ एक बघताना ती काळी बाही कोणाची ते एव्हाना कळलं होतं. राजेंद्रबाबूच. आत्याला फोन करून सांगितलं आणि विचारलं, आजीनं त्यांना का कापलं? आजीचा राग होता का त्यांच्यावर? माझ्या डोक्यात तोवर हिंदू कोड बिल, आजीची मतं, बायकांचे वारसाहक्क असं बरंच काही जमा झालं होतं.

"कसला राग गं," आत्या म्हणाली. "चौकट गजानन महाराजांची होती. छोटी होती. तिघं मावत नव्हते."